कॉम्प्युटर बदलला, बोटे तीच

अमेरिकेतील व्हँडरबिल्ट विद्यापीठातल्या मानसशास्त्रज्ञांनी शंभर जणांवर एक साधा प्रयोग केला होता. ही सगळी सराईत टाइप करणारी माणसे. वेग मिनिटाला सरासरी ७२ शब्द आणि अचूकता ९४ टक्के. त्यांच्यापुढे अक्षरे न छापलेल्या कीबोर्डची आकृती ठेवली आणि कोणते अक्षर कुठे असते ते भरायला सांगितले. सव्वीसपैकी सरासरी १५ अक्षरांचीच जागा त्यांना बरोबर दाखवता आली. ज्या बटणावर बोट रोज न चुकता पडते, ते बटण कुठे आहे हे त्याच माणसाला सांगता येत नव्हते.

टायपिंगचे ज्ञान असे बोटांत मुरलेले असते. ते शब्दांत मांडता येत नाही, म्हणून नुसत्या सूचनेने बदलतही नाही. ‘आता कंट्रोलऐवजी कमांड दाबायचे’ हे डोक्याला क्षणात समजते. करंगळीला ते पटायला कित्येक आठवडे लागतात. मधल्या काळात माणूस चिडतो, कामाचा वेग पडतो, आणि नवा कॉम्प्युटरच वाईट आहे असा त्याचा समज होतो. खरे तर बहुतेक त्रास दोन-तीन बटणांपुरता असतो आणि तो दहा मिनिटांत कमी करता येतो. बटणांची कामे बदलण्याची ही सोय विंडोज, मॅक आणि लिनक्स या तिन्हींवर आहे, पण ती आहे हेच कितीतरी जणांना ठाऊक नसते.

सध्या हा प्रश्न अनेकांच्या दाराशी आला आहे. विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टकडून मिळणारा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ च्या अटींत न बसणारे, पण तब्येतीने ठणठणीत असलेले लॅपटॉप घराघरांत पडून आहेत. त्यांतल्या काहींवर लिनक्स बसते आहे. दुसरीकडे नव्या नोकरीत रुजू होताना हातात मॅकबुक मिळते. आयुष्यभर विंडोजवर काम केलेला माणूस मग पहिल्याच दिवशी अडखळतो.

पहिली ठेच लागते ती कॉपी-पेस्टला. विंडोजच्या कीबोर्डवर डाव्या कोपऱ्यापासून कंट्रोल, विंडोज, ऑल्ट आणि मग स्पेसबार असा क्रम असतो. मॅकवर कंट्रोल, ऑप्शन, कमांड आणि स्पेसबार. विंडोजवर कॉपी करायला करंगळी कोपऱ्यात जाते, तर मॅकवर तेच काम अंगठ्याने, स्पेसबारला लागून असलेल्या कमांडने होते. म्हणजे बटणच नव्हे, बोटही बदलले. त्यापाठोपाठ बारीकसारीक खटके येतात. होम आणि एंड दाबले की विंडोजमध्ये कर्सर ओळीच्या टोकाला जातो; मॅकवर बहुतेक ठिकाणी अख्खे पानच वर किंवा खाली सरकते आणि कर्सर जागेवर राहतो. मॅकवर डिलीट असे लिहिलेले बटण मागचे अक्षर खोडते, पुढचे खोडायला एफएन धरून तेच दाबावे लागते. फाइल निवडून एंटर मारला की विंडोजमध्ये ती उघडते, मॅकवर तिचे नाव बदलायची चौकट येते. ऑल्ट-टॅबची जागा कमांड-टॅब घेतो, पण तो एकेक खिडकी न दाखवता एकेक प्रोग्रॅम दाखवतो. अडकलेला प्रोग्रॅम बंद करायला कंट्रोल-ऑल्ट-डिलीट चालत नाही. तिथे कमांड, ऑप्शन आणि एस्केप एकत्र दाबायचे असते.

आणि कुणी हुशारीने आपला जुना, सवयीचा कीबोर्ड मॅकला जोडला, तर घोळ मिटत नाही, फक्त त्याचे रूप बदलते. मॅक विंडोजच्या बटणाला कमांड समजतो आणि ऑल्टला ऑप्शन. त्यामुळे मॅकबुकच्या स्वतःच्या कीबोर्डवर कमांड स्पेसबारशेजारी, तर जोडलेल्या कीबोर्डवर ते एक घर डावीकडे जाते. एकाच कॉम्प्युटरवर दोन क्रम.

यावरचा उपाय समजण्यासाठी कीबोर्डच्या आत काय चालते ते पाहायला हवे. बटण दाबले की कीबोर्ड कॉम्प्युटरला अक्षर पाठवतच नाही. तो पाठवतो एक क्रमांक. यूएसबीच्या प्रमाणानुसार इंग्रजी कीबोर्डवरच्या ‘ए’ बटणाचा क्रमांक ४, कॅप्स लॉकचा ५७, डाव्या कंट्रोलचा २२४. बटण सोडले की तेही वेगळे कळवले जाते, म्हणून तर ‘शिफ्ट धरून ठेवले आहे’ हे कॉम्प्युटरला समजते. वर्गात गुरुजी हजेरी घेताना नुसता क्रमांक पुकारतात आणि त्या क्रमांकापुढे कुणाचे नाव आहे हे हजेरीपटावरून ठरते, तसाच हा प्रकार आहे. हजेरीपट कॉम्प्युटरमध्ये असतो. क्रमांक ५७ पुढचे ‘कॅप्स लॉक’ हे नाव खोडून ‘कंट्रोल’ लिहिले, की त्या क्षणापासून ते बटण कंट्रोल झाले. बटणावर छापलेल्या शब्दांशी कॉम्प्युटरला काहीही घेणेदेणे नसते.

मग वेगवेगळ्या कंपन्यांनी ही नावे वेगवेगळी का ठेवली? याचे उत्तर कॉम्प्युटरच्या आधीच्या यंत्रांत सापडते.

कंट्रोल हे बटण तारयंत्रांच्या काळातले आहे. १९६३ साली आलेल्या टेलिटाइप मॉडेल ३३ या यंत्रावर ते ‘ए’च्या अगदी डाव्या हाताला होते. कंट्रोल धरून अक्षर दाबले की अक्षराऐवजी यंत्राला द्यायची आज्ञा जात असे. कंट्रोल आणि जी दाबले की पलीकडच्या यंत्रातली घंटा वाजे. कंट्रोल-सी म्हणजे ‘मजकूर संपला’. पुढे युनिक्स या प्रणालीत कंट्रोल-सी हा चालू काम तोडण्याचा इशारा बनला आणि तो आजही तसाच आहे. त्याच कंट्रोल-सीने जगभरचे लोक कॉपी करतात, हा नंतरचा थर आहे.

कट, कॉपी आणि पेस्ट या कल्पनेला आजचे रूप १९७० च्या दशकात झेरॉक्सच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात लॅरी टेस्लर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिले. टेस्लर पुढे ॲपलमध्ये गेले. तिथे लिसा आणि मॅकिंटॉश या यंत्रांवर झेड, एक्स, सी, व्ही ही खालच्या रांगेतली शेजारशेजारची चार बटणे या कामांसाठी आणि केलेले मागे घेण्यासाठी ठरली, आणि त्यांच्या जोडीला एक नवेच बटण आले. त्या बटणावर आधी ॲपलचे सफरचंद होते. पण पडद्यावरच्या यादीत प्रत्येक शॉर्टकटपुढे सफरचंद दिसू लागल्यावर स्टीव्ह जॉब्स यांनी हरकत घेतली. चित्रकार सुझन केअर यांनी चिन्हांचा कोश चाळून त्यातून चार फासांची एक आकृती उचलली. स्वीडनमध्ये प्रेक्षणीय स्थळ दाखवायला ही खूण वापरतात. हेच कमांडचे चिन्ह. विशेष म्हणजे १९८४ च्या पहिल्या मॅकिंटॉशच्या कीबोर्डवर कंट्रोल हे बटणच नव्हते, बाणांची बटणेही नव्हती. कंट्रोल नंतर आले, त्यामुळे मॅकवर ते तारयंत्राच्या जुन्या कामांसाठी मोकळे राहिले. म्हणूनच मॅकच्या टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करण्याच्या खिडकीत, कमांड-सीने कॉपी होते, कंट्रोल-सीने काम थांबते आणि दोघांची टक्कर होत नाही.

आयबीएमच्या १९८१ च्या पर्सनल कॉम्प्युटरवर मात्र कंट्रोल आणि ऑल्ट एवढीच सामग्री होती. विंडोजच्या सुरुवातीच्या काळात कॉपीसाठी कंट्रोल-इन्सर्ट आणि पेस्टसाठी शिफ्ट-इन्सर्ट असे जोड होते. ते आजही चालतात. पुढे मॅकची सी आणि व्ही ही अक्षरे घेतली गेली, पण कमांडसारखे तिसरे बटण हाताशी नव्हते, म्हणून तो भार कंट्रोलवर पडला. विंडोजचे स्वतःचे बटण १९९४ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या नॅचरल कीबोर्डवर आले, तोवर सवयी पक्क्या झाल्या होत्या. लिनक्सचे बरेचसे प्रोग्रॅम विंडोजप्रमाणे कंट्रोल-सीने कॉपी करतात, पण त्याचे टर्मिनल युनिक्सच्या घराण्यातले असल्याने तिथे कॉपीसाठी कंट्रोल-शिफ्ट-सी दाबावे लागते. लिनक्सवर नवीन आलेला माणूस टर्मिनलमधला मजकूर कॉपी करायला जातो आणि चालू कामच बंद पाडतो, ते यामुळे.

कॅप्स लॉकची कहाणी तर खास सांगण्यासारखी आहे. आयबीएमच्या १९८१ च्या कीबोर्डवरही कंट्रोल ‘ए’च्या शेजारीच होते आणि कॅप्स लॉक खाली, स्पेसबारच्या उजवीकडे. १९८० च्या दशकाच्या मध्यावर १०१ बटणांचा नवा कीबोर्ड आला. त्यात टाइपरायटरची सवय असलेल्यांच्या सोयीने कॅप्स लॉक ‘ए’शेजारी बसले आणि कंट्रोल कोपऱ्यात गेले. हीच मांडणी जगभर रूढ झाली. हाताच्या मूळ जागेपासून एका बोटाच्या अंतरावरची ही मोक्याची जागा, दिवसातून क्वचितच लागणाऱ्या बटणाला मिळाली. युनिक्सवर वाढलेल्या प्रोग्रॅमरांनी हा बदल कधी मनापासून स्वीकारला नाही. जपानमध्ये १९९६ साली निघालेल्या हॅपी हॅकिंग कीबोर्डवर कंट्रोल मुद्दाम ‘ए’च्या शेजारी ठेवलेले आहे. गूगलने क्रोमबुक काढताना कॅप्स लॉकच्या जागी शोधाचे बटण बसवले. ‘व्हीआय’ हा मजकूर-संपादक वापरणारे लोक कॅप्स लॉकच्या जागी एस्केप आणून ठेवतात, कारण बिल जॉय यांनी तो ज्या टर्मिनलवर लिहिला त्यावर एस्केप आजच्या टॅबच्या जागी, म्हणजे बोटाच्या टप्प्यात होते.

आता प्रत्यक्ष बदल कसा करायचा ते पाहू. मॅकवर सिस्टीम सेटिंग्जमधल्या कीबोर्डच्या पानावर शॉर्टकटच्या चौकटीत मॉडिफायर बटणांचे दालन आहे. कॅप्स लॉक, कंट्रोल, ऑप्शन, कमांड यांपैकी कोणते बटण काय म्हणून वागावे ते तिथे निवडायचे. त्याच दालनात वर कीबोर्ड निवडता येतो, म्हणजे लॅपटॉपचा स्वतःचा कीबोर्ड जसाच्या तसा ठेवून, बाहेरून जोडलेल्या विंडोज कीबोर्डपुरतीच ऑप्शन आणि कमांड यांची अदलाबदल करता येते. वर सांगितलेला दोन क्रमांचा घोळ एवढ्याने संपतो. याहून बारीक बदल हवे असतील, उदाहरणार्थ टर्मिनल सोडून इतर सगळीकडे कंट्रोलने कॉपी व्हावे, तर कॅराबिनर-एलिमेंट्स हा मोफत प्रोग्रॅम आहे. आयपॅडला कीबोर्ड जोडणाऱ्यांनाही २०२० पासून मॉडिफायर बटणे बदलण्याची सोय मिळाली आहे.

विंडोजवर मायक्रोसॉफ्टचाच पॉवरटॉइज हा मोफत संच घ्यावा. त्यात कीबोर्ड मॅनेजर आहे. हा मार्ग सोपा, पण त्याची मर्यादा लक्षात ठेवायला हवी. पॉवरटॉइज चालू असेल तोवरच बदल टिकतो आणि लॉगिनच्या पडद्यावर तो लागू होत नाही. अक्षरांची किंवा चिन्हांची बटणे बदलली असतील तर पासवर्ड टाकताना जुनीच जागा आठवावी लागते. दुसरा मार्ग विंडोजच्या रजिस्ट्रीत नोंद करण्याचा. शार्पकीज हा छोटा प्रोग्रॅम ती नोंद करून देतो. मग कॉम्प्युटर एकदा बंद करून चालू केला की बदल सगळीकडे, सगळ्या वापरकर्त्यांसाठी आणि जोडलेल्या सगळ्या कीबोर्डसाठी लागू होतो. कंट्रोल-ऑल्ट-डिलीट आणि स्क्रीन कुलूपबंद करणारा विंडोज-एल हे जोड मात्र विंडोज कीबोर्ड मॅनेजरला हलवू देत नाही.

लिनक्सवाले या बाबतीत भाग्यवान. त्यांच्या कीबोर्ड व्यवस्थेतच कितीतरी तयार पर्याय आहेत: कॅप्स लॉकचे कंट्रोल करणे, कॅप्स लॉक आणि एस्केपची अदलाबदल, ऑल्ट आणि विंडोज बटणांची अदलाबदल. केडीई या डेस्कटॉपच्या सेटिंगमध्ये किंवा ग्नोम या डेस्कटॉपच्या ट्वीक्स प्रोग्रॅममध्ये फक्त खूण करायची.

ऑफिसच्या कॉम्प्युटरवर काहीही बसवायची परवानगी नसते अशांसाठी आणखी एक वाट आहे. काही कीबोर्डच्या आतच एक छोटा प्रोसेसर असतो आणि त्यावर क्यूएमके नावाची खुली प्रणाली चालते. तिथे क्रमांक कीबोर्डच्या आतच बदलला जातो. असा कीबोर्ड कुठल्याही कॉम्प्युटरला जोडा, मांडणी सोबत येते.

सगळे बदलता येते, पण सगळे बदलू नये. विंडोजहून मॅकवर आलेले लोक उत्साहाने कंट्रोल आणि कमांड यांची सरसकट अदलाबदल करतात. कॉपी-पेस्ट जुन्या जागी येते खरे, पण प्रोग्रॅम बदलण्याचा कमांड-टॅब कोपऱ्यात जातो, आणि कंट्रोल-ए व कंट्रोल-ई यांनी परिच्छेदाच्या टोकांना जाण्याची मॅकची सुंदर सोय अंगठ्याखाली येऊन अवघडते. शिवाय दुसऱ्याच्या मॅकवर बसले की पुन्हा पहिल्यापासून ठेचा. कायमचे मॅकवर जाणाऱ्याने अंगठ्याला कमांडची सवय लावावी हे उत्तम. दिवसा ऑफिसात विंडोज आणि रात्री घरी मॅक अशी ज्यांची दोन्हीकडे वर्दळ आहे, त्यांच्यासाठी मात्र अदलाबदल हाच शहाणपणाचा मार्ग आहे, कारण रोज दोनदा सवय मोडण्याइतके थकवणारे काही नाही. दूरच्या कॉम्प्युटरला जोडून काम करणाऱ्यांनी आणखी एक खबरदारी घ्यावी. बदल इकडेही आणि तिकडेही केला, तर एकच बटण दोनदा फिरते आणि दोन्ही बदल एकमेकांना पुसून टाकू शकतात. बदल एकाच टोकाला ठेवावा.

परदेशी गेलेल्या मराठी माणसाला हाच प्रश्न वेगळ्या रूपात भेटतो. जर्मनीत विकत घेतलेल्या लॅपटॉपवर वाय आणि झेड यांच्या जागा उलट असतात, आणि ईमेलमधले ‘ॲट’चे चिन्ह उजवे ऑल्ट धरून क्यूवर सापडते. फ्रान्समध्ये ए आणि क्यू, झेड आणि डब्ल्यू उलटे, आणि वरच्या रांगेतले आकडे उमटवायला शिफ्ट धरावे लागते. भारतात वाढलेली बोटे अमेरिकन मांडणीची असतात. सेटिंगमध्ये अमेरिकन किंवा भारतीय इंग्रजी मांडणी निवडली की छापील अक्षरे काहीही असोत, बोटांना आपले घर परत मिळते. विंडोजच्या भारतीय इंग्रजी मांडणीत उजवे ऑल्ट आणि ४ दाबले की रुपयाचे चिन्हही उमटते.

मराठी लिहिणाऱ्यांना कॉम्प्युटर बदलताना सर्वांत मोठा आधार आहे तो इन्स्क्रिप्ट मांडणीचा. १९८० च्या दशकात केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने ती ठरवली. स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, व्यंजने मुख्यतः उजव्या हाताला. ‘के’वर क, शिफ्टसह ख. विंडोज, मॅक आणि लिनक्स या तिन्हींत ती मूळचीच असते. जो इन्स्क्रिप्ट शिकला त्याला कॉम्प्युटर बदलताना मराठी अक्षरे नव्याने शिकावी लागत नाहीत. टाइपरायटरवरून आलेल्या रेमिंग्टन मांडणीत तयार झालेल्यांची गोष्ट निराळी. त्यांना नव्या यंत्रावर आधी आपल्या मांडणीची सोय शोधावी लागते. इंग्रजी अक्षरांतून उच्चारानुसार टाइप करणाऱ्यांनाही प्रत्येक प्रणालीत थोडे वेगळे नियम आढळतात. शाळकरी मुलांना मराठी टायपिंग शिकवायचे असेल तर इन्स्क्रिप्टच शिकवावे, याला हे एक कारण पुरेसे आहे.

पण मराठी लेखकाची खरी अडचण भाषा बदलण्याच्या बटणाची असते. एका परिच्छेदात चार वेळा इंग्रजी आणि मराठी असा फेरा होतो. विंडोजवर त्यासाठी विंडोज-स्पेस, लिनक्सच्या ग्नोममध्येही तोच जोड. मॅकवर कमांड-स्पेस दाबले तर शोधाची चौकट उघडते. भाषा बदलायला कंट्रोल-स्पेस लागते. इथे कॅप्स लॉक कामाला येते. देवनागरीत मोठी आणि लहान अक्षरे असा भेद नाही, त्यामुळे मराठी लिहिताना या बटणाचा उपयोगच नसतो. मॅकच्या इनपुट सोर्सच्या सेटिंगमध्ये कॅप्स लॉकने इंग्रजीकडे आणि परत जाण्याचा पर्याय तयार आहे. बटण थोडे धरून ठेवले तर मोठी अक्षरेही मिळतात. लिनक्सच्या मांडणी पर्यायांत हीच निवड आहे, आणि विंडोजवर पॉवरटॉइजमधून कॅप्स लॉकला विंडोज-स्पेसचे काम देता येते. प्रोग्रॅमरांनी कॅप्स लॉकचे कंट्रोल करावे; मराठी लिहिणाऱ्यांनी ते भाषेसाठी राखावे. मग कुठल्याही कॉम्प्युटरवर डाव्या करंगळीच्या एका टोल्यात भाषा बदलते.

एवढे करताना कॉम्प्युटर सामायिक असेल तर बदल आपल्या स्वतःच्या खात्यातच करावा, आणि काय बदलले ते एका कागदावर लिहून ठेवावे. शार्पकीजने केलेला बदल सगळ्यांना लागू होतो, म्हणून घरातल्या किंवा ऑफिसातल्या सामायिक यंत्रावर तो टाळावा. एका वेळी एकच बटण बदलावे, त्याच्याशी आठवडाभर काम करावे, आणि सोयीचे वाटले तरच दुसऱ्याला हात लावावा.